फुकट श्रवणाचे मोल

देवळातील संगीत ही सेवा आहे आणि सेवेचे मोल मागू नये, हे वाक्य गेल्या काही वर्षांत आमच्या कानी वारंवार आले आहे. ते उच्चारणारे सद्गृहस्थ उत्सवाच्या मंडपवाल्याचे, रोषणाईवाल्याचे आणि ध्वनिक्षेपकवाल्याचे बिल मात्र विनातक्रार चुकते करतात. तेव्हा या वाक्याचा एकदा नीट समाचार घेणे आम्हांस कर्तव्य वाटते. या वादात आम्ही ज्या साक्षीदारास उभे करणार आहोत, त्याचा आमच्या देवस्थानांशी काडीमात्र संबंध नाही. साक्ष आहे एका अमेरिकन जॅझ रचनाकार बाईंची, आणि ती त्यांनी दोन तबकड्यांवर नोंदविली आहे. साक्षीदार जितका तिऱ्हाईत, तितके त्याच्या जबानीचे वजन अधिक, हा आमच्या धंद्यातला जुना नियम आहे.

मारिया श्नायडर यांचा जन्म १९६० सालचा, मिनेसोटा राज्यातील विंडम या लहान गावचा. शिक्षणानंतर त्यांनी गिल इव्हान्स या थोर वाद्यवृंदरचनाकाराच्या हाताखाली उमेदवारी केली, बॉब ब्रुकमायर यांच्याकडे धडे घेतले, आणि १९९३ पासून पाच वर्षे न्यूयॉर्कमधील एका क्लबात दर सोमवारी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. जुलै २०२० मध्ये त्यांनी ‘डेटा लॉर्ड्स’ हा दोन तबकड्यांचा संच प्रसिद्ध केला. त्यात अकरा रचना आहेत आणि अकराही त्यांच्या स्वतःच्या. पहिल्या तबकडीचा विषय यंत्रांकित माहितीचे जग, दुसरीचा विषय निसर्गाचे जग. मार्च २०२१ मध्ये या संचास दोन ग्रॅमी पारितोषिके मिळाली आणि त्याच वर्षी पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम यादीतही त्याचे नाव आले. पारितोषिके मिळाली म्हणून आम्ही त्याचा कैवार घेतो असे मात्र कोणी समजू नये. पारितोषिके अनेकांना मिळतात. या संचाने एक वाद मांडला आहे, आणि तो वाद आमच्या घरापर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

‘डेटा लॉर्ड्स’ या नावाचे भाषांतर पुण्याचा लेखक ‘माहितीचे सरदार’ असे करील. गोमंतकातील माणसाला याहून नेमका शब्द सुचेल, तो म्हणजे भाटकार. जमीन भाटकाराची, खोप मुंडकाराची; खोपीसमोरच्या माडाला पाणी घालणारा मुंडकार, नारळ पाडून नेणारा भाटकार; आणि बोलण्याचालण्यात सगळे कसे गोड! मनात आले तर उद्या ऊठ म्हणण्याचा अधिकार मात्र एकाचाच. आज जगातील बहुतेक कलावंत अशाच मूठभर पेढ्यांच्या भाटांत राहतात. तेथे गायचे, वाजवायचे, लोक जमवायचे. आणि जमलेल्या लोकांच्या आवडीनिवडींची, त्यांच्या उठण्याबसण्याची टिपणे जाहिरातदारांस विकून पैसा करायचा तो भाटकाराने. आमच्या मुंडकारास निदान १९७५ च्या कायद्याने घरापुरते संरक्षण तरी मिळाले. या नव्या मुंडकारांना अद्याप तेवढेही मिळालेले नाही.

आता ‘बिग बँड’ म्हणजे काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण बँड म्हटले की आमच्या वाचकांस लग्नाची वरात आठवेल. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, आणि पाठीशी पियानो, गिटार, बास व ड्रम, हा त्याचा साधारण साज. श्नायडरबाईंनी त्यात ॲकॉर्डियन घालून अठरा जण केले आहेत. मेळाचा बराचसा भाग कागदावर लिहिलेला असतो आणि मधून मधून एकेका वादकास उपज करण्यास मोकळीक दिलेली असते. बंदिश आणि आलापी यांच्या नात्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती फार ताणू नये. आमच्याकडे बंदिश चार ओळींची आणि विस्तार तासाभराचा असतो, येथे लेखनाचाच पसारा प्रचंड. मात्र ही कला गोमंतकास अगदीच परकी नाही. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेले आमचे ख्रिस्ती बांधव मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून याच धाटणीचे संगीत वाजवीत. हळदोण्याचे चिक चॉकलेट हे त्यांतले अग्रणी. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त जो उसळता वाद्यमेळ ऐकून लोक वेडे झाले, त्यात त्यांचा हात होता. फ्रँक फर्नांड, सेबास्तियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी चित्रपटगीतांचे वाद्यमेळ लिहिले, आणि पडद्यावर त्यांची नावे आली तर ‘सहायक’ म्हणून, नाहीतर आलीच नाहीत. रचना करणाऱ्याचा कागद आणि कागदावरची मालकी यांची ताटातूट कशी होते, हे पाहण्यासाठी आम्हांस अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नव्हती. पण घरातले दुखणे दुसऱ्याच्या अंगावर अधिक स्पष्ट दिसते.

तबकड्यांकडे वळू. पहिलीचा आरंभ ‘अ वर्ल्ड लॉस्ट’ या रचनेने होतो. हरवलेल्या जगाचा हा शोक आहे; खर्जात रेंगाळणारा मेळ, आणि त्यावर बेन मॉन्डर यांची गिटार हळूहळू पेट घेत जाते. पुढची रचना ‘डोन्ट बी ईव्हिल’. वाईट करू नका, हे गूगल पेढीचे एके काळचे गाजलेले ब्रीद. श्नायडरबाईंनी ते मथळ्यास घेऊन त्याचा जो उपहास केला आहे, त्यास शब्दांची गरजच पडत नाही. मेळाची चाल अशी मिजासखोर आणि अडखळती की ब्रीद मिरविणारा डोळ्यांपुढे उभा राहतो. शब्दांवाचून उपहास साधणे किती अवघड आहे, हे ज्यांनी कोर्टात एखाद्या निर्ढावलेल्या साक्षीदाराची नुसत्या स्वरावर टोपी उडविण्याचा प्रयत्न केला असेल त्यांस कळेल.

तिसरी रचना आम्हांस सर्वांत अधिक भावली. तिचे नाव ‘सीक्यू सीक्यू, इज एनिबडी देअर?’ हौशी बिनतारी संदेशवाले अंधारात कोणासही उद्देशून जी हाक घालतात, ती ‘सीक्यू’. कोणी आहे का तेथे? या रचनेतील ताल तारायंत्राच्या कडकट्ट लिपीवरून घेतलेले आहेत. डॉनी मॅकॅस्लिन यांचा सॅक्सोफोन माणसासारखा हाका मारीत राहतो, आणि त्याला उत्तर येते ते ग्रेग गिझबर्ट यांच्या ट्रम्पेटचे, विद्युत्‌यंत्रातून पिळवटून काढलेले. हाकेला ओ आली, पण ती माणसाची नव्हे. रात्री दोन वाजता हातातल्या काचेकडे पाहत बसलेल्या आमच्या तरुण पिढीचे, आणि खोटे कशास बोला, प्रौढ पिढीचेही, इतके बिनचूक चित्र आम्ही दुसरीकडे पाहिलेले नाही.

चौथी ‘स्पुटनिक’. १९५७ साली रशियनांनी सोडलेल्या त्या पहिल्या उपग्रहाच्या नावाने ही रचना आज पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यंत्रांच्या कवचाची कल्पना करते. स्कॉट रॉबिन्सन यांचा बॅरिटोन सॅक्सोफोन एकटाच निघतो, वर वर जातो, आणि त्याच्याभोवती सगळा वृंद संथपणे घिरट्या घालू लागतो. तिच्यात भय आहे तितकेच सौंदर्यही आहे. स्पुटनिकच्या पाठोपाठ वीस वर्षांनी, १९७७ मध्ये, व्हॉयेजर यानांवरून जी सोन्याची तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर केरीच्या केसरबाईंची भैरवी आहे. याने सुटली त्या ऑगस्ट-सप्टेंबरात बाई अखेरच्या दुखण्यात होत्या, आणि १६ सप्टेंबरला त्या निवर्तल्या. ‘स्पुटनिक’ ऐकताना आम्हांस त्या तबकडीची आठवण आल्यावाचून राहिली नाही. आपले गाणे कोणाच्या हाती पडावे याविषयी आयुष्यभर जागरूक असलेल्या बाईंचा स्वर शेवटी अशा ठिकाणी गेला की तेथे श्रोताच नाही. आणि तरीही तेथे तो अधिक सन्मानाने गेला आहे असे आम्हांस वाटते. का, ते पुढे येईलच.

पहिल्या तबकडीची अखेर संचास नाव देणाऱ्या रचनेने होते. यंत्राची बुद्धी माणसावर उलटते आणि सारे काही गिळते, ही तिची कथा. माइक रॉड्रिग्ज यांचा ट्रम्पेट आणि डेव्ह पिएत्रो यांचा आल्टो सॅक्सोफोन यांच्या भोवती वृंद ज्या रीतीने कोसळत जातो, ते ऐकून झाल्यावर काही वेळ दिवा लावून बसावेसे वाटते.

दुसरी तबकडी उघडते ती एका देवळाच्या बागेत. जपानात क्योतोच्या उत्तरेस ओहारा येथे सान्झेन-इन नावाचे प्राचीन बौद्ध मंदिर आहे. तेथील बागेत शेवाळाचे गालिचे पसरलेले आहेत आणि त्या हिरव्या मऊपणातून जिझो या बालरक्षक देवतेच्या दगडी मूर्ती अर्ध्या बाहेर डोके काढून हसत असतात. गॅरी व्हर्साचे यांच्या ॲकॉर्डियनवर ही रचना अशा हळुवारपणे चालते की पाऊल वाजू नये. वाद्य तेच, जे आमच्याकडे मांडोच्या मैफलीत आणि लग्नाच्या नाचांत ऐकतात! देवळाच्या आवारात पाऊल टाकताच आवाज आपोआप खाली येतो, हा अनुभव ज्यांस आहे त्यांस या रचनेवर टीका-टिप्पणी नको. पुढच्या पाच रचना दगडाच्या, पक्ष्याच्या, सूर्याच्या. त्या सुंदर आहेत. त्यांविषयी आम्ही फार लिहीत नाही, कारण सुख ऐकावे, त्याची चर्चा करू नये.

येथे एक मतभेद नोंदवितो. दोन जगांची ही दोन तबकड्यांत केलेली वाटणी आम्हांस जरा अति सरळ वाटते. यंत्राचे जग काळे आणि निसर्गाचे जग हिरवे, असा निवाडा बाईंचा हेतू सांगतो, पण त्यांचे संगीत सांगत नाही. ज्या जगाचा त्या धिक्कार करतात, त्याच जगाने त्यांच्याकडून अधिक धारदार रचना करवून घेतली आहे. शिवाय त्या स्वतः आपल्या तबकड्या आंतरजालावरूनच विकतात. प्रतिपक्ष हे बोट दाखविणार, म्हणून आम्हीच आधी दाखवितो. पण रस्त्याने चालणाऱ्याने वाटमाऱ्याविरुद्ध तक्रार करू नये, असा न्याय आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचलेला नाही.

वाटमारी म्हणण्याजोगे काय घडते, ते आता पाहू. अमेरिकेत १९९८ साली एक कायदा झाला. त्याच्या ५१२ व्या कलमान्वये, एखाद्याने दुसऱ्याचे गाणे चोरून अशा पेढीवर चढविले तर पेढी दोषी ठरत नाही. मालकाने लेखी सूचना दिल्यावर तिने ते उतरविले म्हणजे झाले. उद्या तेच गाणे दुसऱ्याने चढविले तर पुन्हा सूचना. परवा तिसऱ्याने, तर पुन्हा. चोर रोज येणार, आणि पहारा घरमालकाने स्वखर्चाने करावयाचा! १३ मार्च २०१४ रोजी श्नायडरबाईंनी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे जबानी दिली. आपला एकेक संच तयार करण्यास दोन लाख डॉलरांहून अधिक खर्च येतो, आणि तो बाहेर पडताच फुकट वाटला जातो, अशी त्यांची तक्रार होती. एकदा उतरविलेले पुन्हा चढू नये, एवढे साधे मागणे त्यांनी मागितले. अठरा वादक, त्यांच्या तालमी, मुद्रण, प्रतिलेखन, हे सर्व ध्यानी घेता खर्चाच्या आकड्यात अतिशयोक्ती काही नाही.

जुलै २०२० मध्ये, तबकड्या निघाल्या त्याच महिन्यात, त्यांनी कॅलिफोर्नियाच्या संघ न्यायालयात यूट्यूबवर फिर्याद लावली. चोरीचा माल आपोआप ओळखणारे यंत्र पेढीपाशी आहे, पण त्याचा वापर बड्या कंपन्यांस मिळतो आणि लहान कलावंताने हाताने सूचना लिहीत बसावे लागते, हा फिर्यादीचा गाभा. तिचे पुढे काय झाले, ते लपविणे आम्हांस शोभणार नाही. सहवादी असलेली एक संस्था तिच्यावरच उलट आरोप झाल्यावर मधेच बाहेर पडली. सर्व लहान कलावंतांच्या वतीने एकत्र दावा चालविण्याची परवानगी मे २०२३ मध्ये नाकारली गेली, आणि जूनमध्ये, सुनावणी सुरू व्हावयाच्या वेळीच, दावा कायमचा मागे घेण्यात आला. म्हणजे बाई जिंकल्या नाहीत. न्यायालयाने त्यांचे म्हणणे खोटे ठरविले असेही नाही; प्रत्येक मुंडकाराने आपापल्या खोपीपुरते भांडावे, एवढाच त्याचा अर्थ. भाटकारास हे नेहमीच सोयीचे असते.

कायद्याने हात टेकले तरी बाईंनी दुसरी एक वाट फार पूर्वीच धरली होती, आणि आमच्या वादाचे मर्म तेथे आहे. २००४ च्या ‘कॉन्सर्ट इन द गार्डन’ या संचासाठी त्यांनी श्रोत्यांकडूनच आगाऊ वर्गणी घेतली. ‘आर्टिस्टशेअर’ या योजनेत वर्गणीदारास तयार तबकडी तर मिळतेच, पण रचना कशी घडते, तालमी कशा होतात, कोठे खोडावे लागते, हेही पाहावयास मिळते. दुकानात एकही प्रत न ठेवता त्या संचास ग्रॅमी मिळाले. ‘डेटा लॉर्ड्स’ही असाच सिद्ध झाला, आणि महिन्याच्या वर्गणीत जगातील सगळी गाणी ऐकविणाऱ्या पेढ्यांकडे तो त्यांनी दिला नाही. ज्यास ऐकावयाचे आहे त्याने बाईंकडे जावे, दाम मोजावे, आणि घ्यावे.

यावर आमचे एक विद्वान स्नेही उद्गारले की ही तर व्यापारी वृत्ती झाली. आमच्या देवळात राजा आणि रंक एकाच सतरंजीवर बसून फुकट ऐकतात, ती संस्कृती थोर. स्नेह्यांचे पहिले विधान बाजूस ठेवू. दुसरे शंभर टक्के खरे आहे आणि म्हणूनच ते त्यांच्या विरुद्ध जाते. देवळात ऐकणाऱ्यास फुकट असे, पण गाणाऱ्यास फुकट गावे लागत नसे. चौघडा वाजविणाऱ्यास, वाजंत्र्यांस, दिवटी धरणाऱ्यास देवस्थानाच्या जमिनीचा तुकडा नेमून दिलेला असे; पालखीच्या रात्री कोणा यजमानाची पाळी असे, आणि त्या पाळीचा खर्च वहीत लिहिला जाई. १९३३ च्या नियमनाखाली अध्यक्ष, मुखत्यार आणि खजिनदार यांच्या सह्यांनी चालणाऱ्या जमाखर्चात सेवेकऱ्याचा मुशाहिरा ही एक बाब असते, दानधर्माच्या सदरात ती येत नाही. ऐकणाऱ्याच्या वतीने कोणीतरी मोजलेले असे, आणि कोणी मोजले ते सगळ्यांस ठाऊक असे. श्नायडरबाईंच्या वर्गणीदारांची नावे असलेली यादी आणि आमच्या सप्ताहाच्या फळ्यावर खडूने लिहिलेली पार चालविणाऱ्यांची यादी, या दोहोंत आम्हांस तत्त्वतः फरक दिसत नाही. फुकटाची खरी संस्कृती तिकडची आहे, भाटकारांची. कारण तेथे ऐकणारा दाम मोजत नाही, म्हणून त्यालाच बाजारात मांडले जाते.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना जीभ चावावी लागते, हेही सांगून टाकतो. देवळाच्या जमिनीच्या तुकड्याने कलावंत घराण्यांचे पोट भरले आणि त्याच तुकड्याने त्यांच्या मुलींस पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवले. केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर यांचे थोरपण त्या व्यवस्थेने दिले नाही. तिच्यातून बाहेर पडून, मुंबईसारख्या शहरात स्वतःच्या गळ्याची किंमत स्वतः ठरवून त्यांनी ते मिळविले. कोणापुढे गावे, किती घ्यावे, कोणत्या यंत्रात आवाज सोडावा, हे ठरविण्याचा अधिकार गाणारीचा, ही गोष्ट त्यांनी आपल्या वागण्याने समाजास शिकविली. व्हॉयेजरवरील तबकडीत केसरबाईंचे गाणे गेले तेव्हा त्याच्या शेजारी कोणाची जाहिरात नव्हती, आणि ते ऐकणाऱ्याची टिपणे कोणी विकत नव्हते.

आता आमच्या उत्सवसमित्यांकडे येतो. गोमंतकात, बेळगावात, आणि आम्ही ऐकतो त्याप्रमाणे इंदूर-बडोद्याच्या मंडळांतही, गेल्या काही वर्षांत एक प्रथा पडली आहे. सप्ताहातील भजन, नवरात्रातील मखराचे गायन, वर्धापनदिनाची मैफल, सर्व काही चित्रित करावयाचे आणि त्याच रात्री मंडळाच्या नावाने यूट्यूबवर चढवावयाचे. हेतू उत्तम आहे. परगावी, परदेशी असलेल्या महाजनांस दर्शन घडावे. पण गाणाऱ्यास विचारले होते काय, हा प्रश्न आम्ही ज्या ज्या समितीस केला, त्या त्या समितीने आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही नैवेद्याची पावती मागत आहोत. एका तरुण भजनी गायकाने आम्हांस आपली गोष्ट सांगितली. अडीच तासांचा त्याचा कार्यक्रम एका समितीने त्यास न विचारता चढविला. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या समितीने त्यास बोलाविण्याचे टाळले. कारण, सगळे तर आम्ही घरी ऐकले! अभंगाच्या ऐन रंगात मधेच केसांच्या तेलाची जाहिरात येते ती वेगळीच.

त्या जाहिरातीविषयी दोन शब्द. पुष्कळ समिती-सदस्यांस वाटते की आम्ही त्यातून काही कमवीत नाही, मग दोष कसला? नोव्हेंबर २०२० मध्ये यूट्यूबने आपल्या अटी बदलल्या आणि, ज्यांना उत्पन्नाचा वाटा मिळत नाही अशांच्या चित्रफितींवरही जाहिरात लावण्याचा हक्क स्वतःकडे घेतला; अमेरिकेबाहेर ही अट २०२१ च्या मध्यास लागू झाली. तेव्हा गायकास काही नाही, देवस्थानास काही नाही, आणि नारळ भाटकाराच्या घरी. देवाच्या नावाने दान दिले, ते कोणास, हे दात्यास ठाऊक नाही!

कायदा याविषयी मुका नाही. आमच्या समित्यांतील वकील मंडळी, आणि ती पुष्कळ आहेत, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमातील ‘झेड-ए’ उपकलमावर विसंबून असतात. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात केलेले गायनवादन हा हक्कभंग नव्हे, असे ते सांगते. सांगते ते खरे. पण ‘विधीच्या ओघात’ हे शब्द तेथे शोभेसाठी घातलेले नाहीत. आरती संपली, दिवे मालवले, पुजारी घरी गेला, त्यानंतर जगभर जी चित्रफीत वर्षानुवर्षे चालते, ती कोणत्या विधीच्या ओघात चालते? हा अपवाद सोयीनुसार रुंद करता येत नाही, याचा धडा गोव्यातच मिळालेला आहे. लग्नसमारंभ व धार्मिक कार्ये यांत वाजविल्या जाणाऱ्या संगीताविषयी गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रद्द केले. सरकारच्या परिपत्रकाचा जेथे निभाव लागला नाही, तेथे उत्सवसमितीच्या समजुतीचा काय लागणार?

शिवाय मुद्दा केवळ रचनेच्या हक्काचा नाही. तुकोबांच्या अभंगावर कोणाचा कॉपीराइट नाही, हे शाळेतल्या मुलासही कळते. पण तो अभंग गाणाऱ्याच्या गाण्यावर गाणाऱ्याचा हक्क आहे. ‘प्रयोगकर्त्या’च्या व्याख्येत आमच्या कायद्याने गायक, वादक, नर्तक यांच्या जोडीने डोंबारी, जादूगार आणि गारुडीसुद्धा बसविले आहेत, गारुड्यास जो हक्क आहे तो आमच्या भजनी बुवास नसावा काय? ३८ व्या कलमान्वये हा हक्क पन्नास वर्षे टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ३८-अ अन्वये आपल्या प्रयोगाचे मुद्रण करू देणे, त्याच्या प्रती काढू देणे, तो लोकांपर्यंत पोहोचवू देणे हे त्याच्या हातात आहे. मात्र कोणी न विचारता चढविले तर त्याने करावे काय? सूचना द्यावी. पेढीने एकवीस दिवस ते झाकून ठेवावे. तेवढ्या मुदतीत त्याने न्यायालयाचा हुकूम आणला नाही, तर पेढी ते पुन्हा खुले करण्यास मोकळी! हुकूम आणण्यास लागणारा खर्च आणि फोंड्याच्या भजनी कलाकाराची एका रात्रीची बिदागी यांची बेरीज-वजाबाकी वाचकांनीच करावी. श्नायडरबाईंस दोन लाख डॉलरांची चिंता आहे. आमच्या बुवांस दोन हजार रुपयांची. खोड एकच.

प्रसिद्धी मिळते ना, हा शेवटचा आक्षेप राहिला. मिळते. आम्ही चित्रीकरण बंद करा म्हणत नाही. आजारी आईस मस्कतमध्ये बसून गावचा सप्ताह पाहता आला तर आम्हांसही आनंद आहे. आम्ही म्हणतो ते इतकेच की प्रसिद्धी हवी की नको, कोणत्या गाण्याची हवी, किती दिवस हवी, हे जिचे किंवा ज्याचे गाणे आहे त्याने ठरवावे. श्नायडरबाईंनी आपल्या अकरा रचनांविषयी ठरविले तसे.

देवस्थानांच्या महाजनांच्या पुढील सर्वसाधारण सभांपुढे ठेवण्यासाठी आम्ही ठरावाचा एक मसुदा सुचवितो. गायक-वादकांशी बिदागीचा करार करताना चित्रीकरणाची संमती निराळ्या कागदावर, मराठीत किंवा कोंकणीत, घ्यावी. संमती नसल्यास यंत्र बंद ठेवावे. संमती असल्यास चित्रफीत कोठे, किती काळ राहील ते त्यात लिहावे, आणि साथीदारांसह सर्वांची नावे तीवर असावीत, तबलजी व हार्मोनियमवाल्यांचीसुद्धा. चित्रीकरणासाठी बिदागीव्यतिरिक्त निराळी रक्कम ठरवावी आणि ती खजिनदाराने उत्सवाच्या खर्चात स्वतंत्र बाब म्हणून दाखवावी. आजवर न विचारता चढविलेल्या चित्रफिती, संबंधितांची संमती मिळेपर्यंत, मुखत्याराने तीस दिवसांच्या आत उतरवाव्यात. मसुद्याची प्रत ज्या समितीस हवी असेल तिने या मासिकाच्या पत्त्यावर लिहावे. फी नाही.